आठव्या चौकटीतला ठिपका

आमच्या शाळेच्या व्हरांड्याला नऊ खांब आहेत. त्यांच्यामधल्या भिंतीवर आठ चौकटी बसतात, आणि त्या आठांत जगातली साम्राज्यं बसवायची, असं आमच्या मुख्याध्यापकांनी एका शनिवारी ठरवलं. त्यामागे इतिहासाचं प्रेम वगैरे काही नव्हतं. जानेवारीच्या शेवटी मूल्यांकन समिती येणार होती आणि शेजारच्या शाळेनं भिंतीवर सूर्यमाला काढली होती. सूर्यमालेच्या तोडीचं काहीतरी हवं, म्हणून साम्राज्यं. मुख्याध्यापकांचं नाव दिग्विजय. मोहीम त्यांना बसल्या जागी सुचते आणि मोहिमेवर जायला दुसरं कुणीतरी लागतं.

इतिहास मी शिकवते, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. एकवीस वर्षं नोकरी झाली. या गळ्यात मतदार याद्या, जंताच्या गोळ्या, स्नेहसंमेलनातले राक्षसांचे मुखवटे असं काय काय पडून गेलंय. आता मी कशालाच नाही म्हणत नाही. नाही म्हणायलाही अंगात थोडी ताकद लागते.

शाळा सोलापूरच्या हद्दवाढ भागात आहे. तीसेक वर्षांपूर्वी शहरानं आसपासची गावं आपल्यात ओढून घेतली, तेव्हापासून आम्ही शहरवाले. नळाला उजनी धरणाचं पाणी पाच दिवसांनी येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी वर्गात निम्मी मुलं उशिरा येतात, आणि मी रागावत नाही, कारण त्या दिवशी मीही उशिराच पोचलेली असते.

भिंतीच्या कामाला सिदूमामा आले. सगळे त्यांना सिदू पेंटर म्हणतात. वय छप्पन्न, दिसतात सत्तरीचे. डावा खांदा खाली उतरलेला, कारण आयुष्यभर शिडी त्याच खांद्यावर वाहिली. बोलणं कमी. बोलले तर इतकं हळू की समोरच्याला जवळ सरकावं लागतं. कामाच्या पहिल्या दिवशी ते अकराला आले. दिग्विजय सरांनी घड्याळ दाखवलं. मामा म्हणाले, "आज पानी आलतं, सर." या उत्तरावर सोलापुरात कुणालाच काही बोलता येत नाही.

मामांचा जन्म करमाळा तालुक्यातल्या बोरठाणचा. हे गाव तुम्ही नकाशात शोधू नका, सापडणार नाही. भीमेच्या काठावर साठ-सत्तर उंबऱ्यांची वस्ती होती, धनगरांची घरं जास्त. उजनीचं धरण झालं तेव्हा गाव पाण्याखाली गेलं. सिदूमामा तेव्हा नऊ वर्षांचे होते. वडलांनी घराच्या तुळया काढल्या, दारं काढली, देव उचलला, मेंढरं पुढं घातली. आईचं जातं तेवढं राहिलं. आणायला परत जाऊ म्हणेपर्यंत पाणी अंगणात आलं होतं. आई पुढं तीस वर्षं जगली आणि दर दिवाळीत एकदा तरी म्हणायची, जातं राहिलं.

बदल्यात मिळालेली जमीन माळावरची, मुरमाड. मेंढरं एकेक करत संपली आणि घर सोलापूरला आलं. इथं सिदूमामा अभिमन्यू पेंटरकडे काम शिकले. सिनेमाचे बॅनर, दुकानांच्या पाट्या, ट्रकमागची गुलाबं. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू, चारही अक्षरं त्यांच्या हाताला सारखीच वळायची. मग फ्लेक्स आला आणि दोन वर्षांत पेंटरांची अख्खी ओळ बसली. कुणी भाजीची गाडी लावली, कुणी वॉचमन झालं. मामांची बायको कस्तुराबाई कडक भाकरी थापून दुकानांना देते, त्यावर घर तरलं. मामांना उरल्या त्या शाळांच्या भिंती. पाढे, सुविचार, मानवी शरीर आणि जिल्ह्याचा नकाशा.

जिल्ह्याच्या नकाशात उजनी असते. वरच्या कोपऱ्यात निळं, वेडंवाकडं पसरलेलं पाणी. हे आधी कधी माझ्या लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चहा पिताना मामांनीच सांगितलं, ब्रश चिंधीला पुसत. "चाळीस-पंचेचाळीस शाळांत काडलाय मी जिल्हा. येवड्या येळा माज्याच हातानं बुडीवलंय बाई गाव. आता हाताला सवय झालीया."

हे सांगताना त्यांच्या आवाजात काही नव्हतं. मलाच कसंतरी झालं. मी अक्कलकोटकडची, माझं माहेर जागच्या जागी आहे, आणि तरी वर्षातून एकदा जायचा मला कंटाळा येतो.

आठ चौकटी मी ठरवल्या. मौर्य, रोमन, मंगोल, ऑटोमन, मुघल, मराठा, ब्रिटिश आणि शेवटची आजचं जग. प्रत्येक चौकटीत जगाचा तोच नकाशा आणि त्यावर त्या त्या साम्राज्याचा रंग. मराठ्यांची चौकट जरा मोठी घ्या, असं दिग्विजय सर म्हणाले. "खांब हायत की सर मदी," मामा म्हणाले, आणि तो विषय खांबांनीच मिटवला.

मामांची पद्धत जुनी. निळीत बुडवलेलं सूत भिंतीवर ताणून फटकारायचं, उभ्या-आडव्या रेघा उमटतात, त्या चौकोनांतून नकाशा मोठा करत न्यायचा. आठही नकाशांच्या बाह्यरेषा त्यांनी आधी काढून घेतल्या, समुद्र भरून घेतले. मग पहिल्या चौकटीत मौर्यांचा हिरवा रंग भरताना माझ्याकडे वळून विचारलं, "बाई, ह्यो नकाशा कवाचा?"

मी म्हटलं, "इसवी सनापूर्वी अडीचशे वर्षं."

"म्हंजी धरनाच्या आदीचा."

"मामा, ख्रिस्ताच्याही आधीचा आहे."

"त्येच की," ते म्हणाले. "धरनाच्या आदीचाच."

मग त्यांनी खिशातून बारीक ब्रश काढला, लाल रंगात बुडवला, मुंबईच्या किनाऱ्यापासून चौकोन मोजले आणि ज्वारीच्या दाण्याएवढा एक ठिपका दिला. मागं सरकून पाहिला. पंचेचाळीस नकाशे काढलेल्या माणसाला पहिल्यांदा असा नकाशा मिळाला होता ज्यात त्याचं गाव कोरडं होतं. मामा हसले नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी दुसरा चहा मागून घेतला.

त्यानंतर प्रत्येक चौकटीत ठिपका आला. रोमन साम्राज्य आपल्याकडे पोचलंच नव्हतं, तरी तिथं बिनरंगाच्या हिंदुस्थानात तो लाल दाणा होताच. मी म्हटलं, "मामा, इथं याचा काय संबंध?" ते म्हणाले, "संबंद नसंल. गाव तर आसंल की." बोरठाण दोन हजार वर्षांपूर्वी होतं की नाही, हे त्यांना माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. मी इतिहासाची शिक्षिका, पुरावा मागायला हवा होता. नाही मागितला.

काम करता करता ते विचारत आणि मी तास नसला की सांगत बसे. वर्गात मी हे साम्राज्याचा उदय, विस्तार, ऱ्हासाची कारणे, अशा क्रमानं सांगते. मुलं ते उतरवून घेतात आणि परीक्षेनंतर विसरतात. मामांना कारणं नको होती. त्यांचा प्रश्न एकच असायचा, जरा फिरवून. ह्ये आले आणि काय ठिवून गेले?

रोमनांनी रस्ते ठेवले, कायदा ठेवला, मी सांगायची. मंगोल घोड्यांवरून अर्धं जग तुडवत गेले, पण त्यांच्या डाकेच्या चौक्या मागं राहिल्या. मुघलांच्या कारभारातले कितीतरी शब्द अजून आपल्या कचेऱ्यांत आहेत. इंग्रजांनी आगगाडी ठेवली आणि ही शाळेची घंटा. मामा ऐकत, रंग भरत. ब्रिटिशांच्या चौकटीत त्यांचा गुलाबी रंग संपला. "लईच घेतलंय की ह्येंनी," ते म्हणाले आणि नवा डबा आणायला गेले.

एकदा त्यांनी विचारलं, "गावं उटवत व्हते का ह्ये?"

मी म्हटलं, "लुटायचे. जाळायचेसुद्धा. सारा नाही दिला तर हाल करायचे."

"जाळल्यावर?"

"लोक रानात पळायचे. फौज गेली की परत येऊन घरं बांधायचे."

"मग बरं," मामा म्हणाले आणि शिडी पुढं सरकवली.

सातव्या चौकटीत ठिपका देत होते तेव्हा दिग्विजय सर फेरी मारत आले. नाक भिंतीला लावून पाहिलं आणि मला विचारलं, "हे लाल लाल काय आहे? रंग उडालाय का?" खरं सांगितलं असतं तर सगळी कहाणी सांगावी लागली असती, सर मध्येच म्हणाले असते की बाई, हे समितीला कसं पटवणार, आणि मामांना सातही ठिपके खरवडावे लागले असते. मी म्हटलं, "आपलं सोलापूर आहे सर. प्रत्येक साम्राज्यात आपण कुठं होतो, ते मुलांना कळावं म्हणून." सर खूश झाले. एवढ्या लहान नकाशात सोलापूर काय आणि बोरठाण काय, ज्वारीच्या एकाच दाण्याखाली दोन्ही जातात.

सर गेल्यावर मामा खाली उतरले. "खोटं बोललासा बाई."

"वाचवलं तुमचं गाव," मी म्हटलं. मला माझं कौतुकच वाटलं होतं.

आठव्या चौकटीत, आजच्या जगात, त्यांनी देश रंगवले, प्रत्येक निराळ्या रंगात. ठिपका दिला नाही. मी विचारलं नाही. विचारण्यासारखं काय होतं त्यात?

समिती आली त्या दिवशी नेमकं पाणीही आलं होतं. मामांचं काम संपलेलं, ते घरीच होते. समितीचे साहेब व्हरांड्यातून चालत गेले, एकेक चौकट पाहिली, आणि ठिपका त्यांना दिसला. दिग्विजय सरांनी माझंच वाक्य माझ्यासमोर सांगून टाकलं. साहेबांना ते फार आवडलं. स्थानिक संदर्भ असा हवा, असं बरोबरच्या दोघांना सांगून त्यांनी फोटो काढायला लावले. आठव्या चौकटीशी ते थांबले.

"मग आजच्या नकाशात का नाही?" साहेब म्हणाले. "मौर्यांच्या काळात सोलापूर होतं, आणि आज नाही?"

सगळे हसले. मीही हसले असेन. साहेब म्हणाले, राहिलं असेल चुकून, चार वाजेपर्यंत करून घ्या, पूर्ण भिंतीचा फोटो वर पाठवायचाय. आणि हा पेंटर कोण? माझ्याकडे होटगी, वैराग आणि जेऊर अशा तीन शाळा आहेत, तिथंही अशाच भिंती करायच्यात, यालाच सांगतो.

जेऊर ऐकलं आणि मला मामा आठवले. दोनदा तरी ते बोलले होते जेऊरबद्दल. मे महिन्यात धरण तळाला जातं, एखाद्या वर्षी बोरठाणच्या मारुतीच्या देवळाचा कठडा उघडा पडतो, असं त्यांनी ऐकलं होतं. जेऊरहून ती जागा दूर नाही. सत्तेचाळीस वर्षांत ते एकदाही गेले नव्हते. जाऊन राहायचं कुठं, आणि भाकरीचा धंदा सोडून कस्तुराबाईला न्यायचं कसं? काम मिळालं तर शाळेच्या वर्गात महिनाभर दोघं राहिली असती. जात्याची जागा बायकोला दाखवायची होती त्यांना. दुसरं त्यांनी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

मी फोन केला. मामा अडीचला आले, पायजमा गुडघ्यापर्यंत ओला, पाणी भरता भरता निघालेले. मी सांगितलं. ते आठव्या चौकटीकडे पाहत राहिले.

"बाई, तुमाला तर ठावं हाय की."

"मला ठाऊक आहे मामा. साहेबांना नाही."

"मग सांगा की त्येस्नी."

साहेब दहा पावलांवर, मुख्याध्यापकांच्या खोलीत पोहे खात होते. जाऊन सांगता आलं असतं. भीती वाटली असं म्हणून मी सुटू शकते, पण भीती नव्हती. कंटाळा होता. पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायचं, कुणीतरी मान हलवणार, कुणीतरी म्हणणार की बाई, भावना समजते पण. त्या 'पण'पर्यंत जायची माझ्यात ताकद नव्हती.

मी म्हटलं, "एवढासा ठिपका आहे, मामा. टेकवा आणि मोकळे व्हा. नाहीतर जेऊर हातचं जाईल."

हे वाक्य मी बोलले. दुसऱ्या कुणी नाही.

मामा पायरीवर बसले. शिपायानं चहा आणून दिला, तो तसाच राहिला, साय धरली. मी वर्गात जाऊन फळ्यावर ऱ्हासाची कारणे लिहिली. केंद्रसत्ता दुबळी होणे. वारसांमधील भांडणे. खजिना रिकामा होणे. खिडकीतून मामांची पाठ दिसत होती. गाव संपायची कारणं कुठल्या इयत्तेला आहेत, हे मला सांगता येईना.

घंटा झाली तेव्हा ते उठले. पिशवीतून एक छोटी डबी काढली. लाल रंगाची नव्हती ती. आठही नकाशांतले समुद्र ज्या रंगानं भरले होते, त्यातला उरलेला होता. चौकोन न मोजता, नुसत्या नजरेनं, त्यांनी एकदाच ब्रश टेकवला.

साहेब आले, दुरून पाहिलं. "हा निळा का?"

दिग्विजय सरांचा चेहरा पडला. मी म्हटलं, "आजचं आहे म्हणून वेगळा रंग, साहेब." दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं. साहेबांनी मान हलवली, फोटो निघाला, गाडी गेली. मामा टर्पेंटाइनमध्ये ब्रश धूत होते. मी जवळ गेले, तर तेच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाई. पानी तर पायजेच की मान्साला. आमी बी त्येच पितोय." आणि शिडी खांद्यावर घेऊन निघाले, कारण घरी अजून दोन पिंपं भरायची राहिली होती.

होटगी आणि वैरागचं काम त्यांना मिळालं. जेऊरच्या शाळेनं भिंतीवर छापील पत्रे ठोकून घेतले, ते एका दिवसात होतं. मी हे सांगायला गेले तेव्हा कस्तुराबाई भाकरी उन्हात वाळत घालत होत्या. मामा म्हणाले, बरंच झालं, जेऊर लांब पडतंय. कस्तुराबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला चार भाकरी बांधून दिल्या. मी त्या घरी नेल्या. दोन दिवस तशाच ठेवल्या, मग खाल्ल्या.

परवा मार्चच्या उन्हात आठवीचा वर्ग व्हरांड्यात बसवला होता. पिंकी नावाची मुलगी आहे, वर्षभर तिनं तोंड उघडलेलं नाही. तिनं विचारलं, "बाई, सात ठिपके लाल आणि हा एकच निळा कसा?"

तिसरं खोटं तयार होतं माझ्याकडे. ते बाहेर आलं नाही. मी सांगितलं की हे सोलापूर नाही, बोरठाण आहे. सिदू पेंटरचं गाव. या सातांतली जी राज्यं त्याच्यावरून गेली, ती सारा घेऊन गेली, आणि गाव तिथंच राहिलं. मग आपलं राज्य आलं, आणि त्यात ते पाण्याखाली गेलं.

"कुठल्या पाण्याखाली?"

तिच्या हातात पाण्याची बाटली होती. मी म्हटलं, "तुझ्या बाटलीत आहे ना, त्याच."

पिंकीनं बाटलीकडे पाहिलं. थोडा वेळ तशीच धरून ठेवली आणि मग प्यायली. ऊन फार होतं.